तंजावरची कुरवंजी आणि वंचित मुलींची पाठ्यपुस्तके

तमिळनाडूतील तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या मराठी संग्रहात 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे एक नाटक आहे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांच्या नावावर ते नोंदलेले असून विसाव्या शतकात ग्रंथालयाने ते छापून प्रसिद्धही केले. भाषा मराठी, बांधणी तमिळ आणि विषय जगाचा भूगोल, असा हा विलक्षण मेळ आहे. इंद्राच्या विरहाने व्याकूळ झालेल्या इंद्राणीकडे एक कुरव जमातीची, हात पाहून भविष्य सांगणारी स्त्री येते आणि पृथ्वीवरील खंडे, समुद्र, बेटे व देश यांची माहिती तिला गाऊन सांगते. देवांच्या राणीला भूगोल शिकविणारी ही शिक्षिका समाजाच्या अगदी कडेला राहणाऱ्या जमातीतील आहे.

विद्यार्थ्याच्या भाषेतून, त्याच्या परिचयाच्या वस्तूंतून, गाण्यांतून आणि कामधंद्यातून तयार केलेल्या शैक्षणिक साहित्याला अलीकडे शिक्षणशास्त्रात 'सांस्कृतिकदृष्ट्या सुसंगत साहित्य' असे लांबलचक नाव मिळाले आहे. ही कल्पना विसाव्या शतकात परदेशांतून आली असा समज आहे. तंजावरच्या दफ्तरात मात्र तिचा एक नमुना दोनशे वर्षांपूर्वीचा सापडतो. त्याच तंजावर परिसरात, ज्यांच्यासाठी असे साहित्य सर्वांत आवश्यक आहे त्या भटक्या व भूमिहीन कुटुंबांतील मुलींपर्यंत ते पोहोचण्यास किती काळ लागला, आणि कोठे ते अद्याप पोहोचलेले नाही, याचा हा आढावा.

कुरवंजी म्हणजे काय

कुरवंजी हा तमिळ नाट्यकाव्याचा प्रकार आहे. त्याचे कथानक ठराविक असते. नायिका मिरवणुकीत देवाला अथवा राजाला पाहते आणि त्याच्यावर अनुरक्त होते. ती झुरू लागते, तेव्हा कुरत्ती, म्हणजे कुरव स्त्री, हातात काठी व काखेत टोपली घेऊन येते. भविष्य सांगण्यापूर्वी ती आपला डोंगर, आपला देश, तेथील नद्या, झाडे, प्राणी यांचे वर्णन करते. मग नायिकेचा हात पाहून मनोरथ पूर्ण होईल असे सांगते आणि बक्षीस घेऊन जाते. शेवटी तिचा नवरा तिला शोधत येतो आणि तिच्या अंगावरील नव्या दागिन्यांविषयी दोघांमध्ये गमतीदार सवालजवाब होतात. त्रिकूटरासप्प कविरायर यांची अठराव्या शतकातील 'कुट्राल कुरवंजी' ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध रचना. स्वतः सरफोजींच्या स्तुतीपर रचलेली शिवक्कोळुंदु देशिकर यांची 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात देवदासी सादर करीत असत.

या ठराविक कथानकातील देशवर्णनाची जागा सरफोजींनी हेरली. प्रेक्षकांना तेथे कुरत्तीकडून भूगोल ऐकण्याची सवय होतीच. तो भूगोल त्यांनी एका डोंगरापुरता न ठेवता पृथ्वीएवढा केला. हे करणारे ते एकटे नव्हते. त्यांचे सहाध्यायी आणि तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री यांनी 'बेथलेहेम कुरवंजी' या रचनेत नवे खगोलशास्त्र व भूगोल कुरत्तीच्याच तोंडी घातला होता. दोघेही जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचे विद्यार्थी. नवी विद्या युरोपातून आली होती, परंतु ती सांगण्याची रीत दोघांनी गावातीलच घेतली.

कुरत्तीला शिक्षिका करण्यात केवळ काव्याची सोय नव्हती. कुरव (इंग्रजी कागदपत्रांतील 'कोरवा') जमातीचे तांडे किनाऱ्यावरील मीठ बैल-गाढवांवर लादून आतील मुलखात नेत आणि परतताना धान्य आणीत. मीना राधाकृष्ण यांनी या जमातीच्या इतिहासावरील आपल्या २००१ मधील ग्रंथात या व्यापाराचे व त्याच्या ऱ्हासाचे तपशीलवार विवेचन केले आहे. शेकडो मैल पायी हिंडणाऱ्या या लोकांना घाट, नद्यांचे उतार, बाजारांचे वार आणि गावोगावच्या बोली ठाऊक असणे स्वाभाविक होते. ज्या काळात बहुतेक प्रतिष्ठित स्त्रियांनी आपल्या गावापलीकडचे फारसे काही पाहिलेले नसे, त्या काळात भूगोल सांगण्याचा अधिकार कुरत्तीला होता असे म्हणता येईल.

सरफोजींच्या शाळा

सरफोजी दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजाकडे तंजावरचा किल्ला, त्याचा परिसर व तनखा एवढेच राहिले. करण्याजोगे राज्य उरले नसल्याने या राजाने आपली बुद्धी व पैसा ग्रंथालय, वैद्यक, मुद्रण आणि शिक्षण यांकडे वळविला. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी छपाईसाठी 'नवविद्याकलानिधी' हा छापखाना काढला. १८०६ मध्ये तेथून 'बालबोध मुक्तावली' हे पुस्तक बाहेर पडले. सख्खन पंडित यांनी केलेले हे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर होय. महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या हाती सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' पडली ती त्यानंतर सुमारे दोन दशकांनी. मराठीतील छापील बालवाङ्मयाचा आरंभ पुण्यामुंबईत नव्हे, तर कावेरीच्या काठी झाला, ही गोष्ट मराठी वाचकांच्या सहसा लक्षात नसते.

शाळांच्या बाबतीत अधिक महत्त्वाची ठरतात ती छत्रे. येथे छत्र म्हणजे यात्रेकरूंसाठी बांधलेली अन्नछत्रासह धर्मशाळा. तमिळमध्ये तिला 'चत्तिरम' म्हणतात. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी १८०२ मध्ये उभारले. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या छत्रांचा कारभार वर्णिला आहे. तेथे वेद शिकविणारे अध्यापक, एक पंतोजी व वैद्य नेमलेले असत. वाटसरूंची अनाथ झालेली मुले पंतोजीच्या स्वाधीन केली जात, त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळे, ठराविक दिवसांनी अंगाला तेल लावून स्नान घातले जाई, कपडे व औषधे दिली जात. मुलांना ज्या विद्येची आवड असेल ती शिकविली जाई आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्र करीत असे. आजच्या निवासी शाळांच्या नियमावलीतील बहुतेक कलमे या एका पत्रात सापडतात. मुलाच्या पोटाची आणि अंगाची व्यवस्था पुस्तकाच्या आधी लागते, हे पत्र लिहिणाऱ्यास चांगले कळत होते.

परंतु या सर्व खटाटोपाचा लाभ मुख्यतः मुलग्यांना झाला. यामागील कारण समजून घेतल्याशिवाय पुढील प्रश्न उलगडत नाही.

वाचणारी स्त्री आणि तिची बदनामी

मद्रास इलाख्याचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये देशी शाळांची पाहणी करण्याचे आदेश जिल्हा कलेक्टरांना दिले. आलेल्या अहवालांच्या आधारे १८२६ मध्ये त्यांनी जे टिपण लिहिले, त्यात सुमारे १ कोटी २८ लाख लोकसंख्येमागे १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी असल्याची नोंद आहे. यांत मुली नाममात्र होत्या, आणि ज्या होत्या त्यांतील पुष्कळशा देवळांत नाचगाणे करणाऱ्या घराण्यांतील असल्याचे कलेक्टरांनी कळविले. फ्रेंच मिशनरी आबे द्युबुआ यांनीही त्याच काळात लिहून ठेवले आहे की, लिहिणे-वाचणे ही कलावंतिणींचीच विद्या समजली जात असल्याने कुलीन घरांतील स्त्रियांना ती येणे कमीपणाचे मानले जाई.

तंजावरात या विद्येची परंपरा समृद्ध होती. प्रतापसिंह राजांच्या कारकिर्दीत (१७३९ ते १७६३) मुद्दुपळनी या दरबारी गणिकेने 'राधिका सांत्वनमु' हे तेलुगू काव्य लिहिले. १९१० मध्ये बंगळूर नागरत्नम्मा यांनी त्याची संपूर्ण आवृत्ती काढली, तेव्हा ते अश्लील ठरवून इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. ती स्वातंत्र्यानंतरच उठली. दुसऱ्या बाजूला, याच मराठा दरबारातील त्र्यंबकराय मखी यांनी अठराव्या शतकात 'स्त्रीधर्मपद्धति' हा ग्रंथ रचला. स्त्रीने पहाटे उठल्यापासून रात्रीपर्यंत कसे वागावे याची त्यात शास्त्राधाराने चर्चा आहे. ग्रंथ स्त्रियांविषयी आहे, परंतु संस्कृतात आहे. ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांतील फारच थोड्या जणींना तो वाचता आला असता. पुरुषांनी तो वाचावा आणि घरात सांगावा, हीच अपेक्षा असणार.

मुलींसाठी साहित्य तयार करणाऱ्या कोणालाही हा पेच आजही सुटलेला नाही. स्थानिक संस्कृतीशी सुसंगत म्हणजे कोणत्या संस्कृतीशी? 'स्त्रीधर्मपद्धति' तंजावरच्या संस्कृतीशी पूर्णतः सुसंगत होती. घरात चूल सांभाळणाऱ्या मुलीला पुस्तकातही चूल सांभाळणारीच मुलगी दाखविली, तर पुस्तक ओळखीचे वाटेल, पण तिला ते पुढे कोठे नेईल? उलट, पुस्तकातील सर्वच अनोळखी असेल तर ती पहिल्याच पानावर थांबेल.

महाराष्ट्रातील दोन दाखले

या पेचातून वाट काढणारे दोन प्रयत्न महाराष्ट्रात झाले. पहिला सर्वपरिचित आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या, मांग समाजातील मुक्ता साळवे हिने वयाच्या चौदाव्या वर्षी लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वंचित मुलीसाठी कोणते पुस्तक योग्य, या प्रश्नाचे येथे निराळेच उत्तर मिळते. तिला अक्षर मिळाल्यावर अवघ्या काही वर्षांत तिने आपले पुस्तक स्वतः लिहावयास घेतले. तिच्या लेखनाचा विषय तिच्या वस्तीचा, पण सूर आर्जवाचा नाही. तो जाब विचारणारा आहे.

दुसरा दाखला त्या मानाने कमी चर्चिला जातो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे अनेक वर्षे चालविले. मादाम मॉन्टेसरी यांची बालशिक्षणाची साधने परदेशी लाकडाची आणि महाग. ताराबाईंनी ती मोडीत काढून शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने, मातीची भांडी यांपासून मोजण्याची व ओळखण्याची साधने तयार केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा वस्तीतील अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रूढ झालेला शब्द तेथूनच आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली.

मुलींच्या दृष्टीने कोसबाडची सर्वांत मोलाची कल्पना पुस्तकाची नव्हतीच. वारली घरांतील सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येत नसत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे असे. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवून मुलीला शेजारच्या वर्गात बसता येऊ लागले. साहित्यनिर्मितीच्या चर्चेत ही गोष्ट अनेकदा निसटते. पुस्तक उघडण्यासाठी दोन्ही हात मोकळे असावे लागतात.

पुदुक्कोट्टैची सायकल

तंजावरला लागून असलेला पुदुक्कोट्टै जिल्हा १९७४ मध्ये तिरुचिरापल्ली व तंजावर या जिल्ह्यांतील भाग काढून तयार झाला. हा कोरडवाहू, दगडांच्या खाणींचा आणि भूमिहीन मजुरांचा जिल्हा. १९९१ मध्ये येथे 'अरिवोळि इयक्कम', म्हणजे ज्ञानज्योती चळवळ, या नावाने संपूर्ण साक्षरता मोहीम सुरू झाली. शिकणाऱ्यांत बहुसंख्या स्त्रियांची व तरुण मुलींची होती: शेतमजूर, खाणकामगार, खड्यांना पैलू पाडणाऱ्या.

या मोहिमेच्या पुस्तकांनी पहिल्याच धड्यांत 'पट्टा' हा शब्द घेतला. तमिळमध्ये पट्टा म्हणजे जमिनीच्या हक्काचा सरकारी कागद. या निवडीमागे दोन विचार दिसतात. त्यातील 'ट' आणि 'प' ही तमिळ अक्षरे सरळ रेघांची, काम करून राठ झालेल्या बोटांना जमणारी. आणि शब्द असा की, तो ज्याच्यापाशी आहे व ज्याच्यापाशी नाही, त्या दोघांनाही त्याचे मोल सांगावे लागत नाही. ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये अँजिकोस गावी शेतमजुरांना शिकविताना हीच पद्धत वापरली होती: आधी वस्तीत बसून लोकांच्या बोलण्यातील कळीचे शब्द गोळा करावयाचे, त्यांवर चर्चा घडवावयाची, आणि मग त्याच शब्दांची अक्षरे फोडून शिकवावयाची.

येथे भाषांतराचे काम करणाऱ्यास एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा धडा मराठीत आणावयाचा झाल्यास 'पट्टा' हा शब्द जसाच्या तसा उचलता येईल. तो मराठीत आहेही. परंतु बहुतेक मराठी मुलींच्या डोळ्यांसमोर कमरेचा पट्टा उभा राहील. धड्याचा प्राण मराठीत आणावयाचा तर तेथे 'सातबारा' लिहावा लागेल, आणि मग अक्षरे बदलतील, अक्षरांचा क्रम बदलेल, चित्र बदलेल, म्हणजे संपूर्ण धडाच नव्याने लिहावा लागेल. अशा पुस्तकांचे भाषांतर होत नाही. ती प्रत्येक ठिकाणी पुन्हा जन्मावी लागतात. एका राज्यात यशस्वी झालेले पुस्तक सर्व भाषांत छापून वाटण्याचे प्रयोग का फसतात, याचे एक कारण येथे आहे.

पुदुक्कोट्टैत पुस्तकाच्या जोडीला सायकल आली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी स्त्रियांना सायकल चालविण्यास शिकविणे हा साक्षरता मोहिमेचाच भाग केला आणि सायकलींसाठी बँकांकडून कर्जे मिळवून दिली. सायकलवर गाणी रचली गेली, गावोगावी मेळावे भरले. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलेल्या वृत्तांतानुसार, दहा वर्षांखालील मुली वगळल्या तर जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक जणी दीड वर्षात सायकल शिकल्या. अनेकींनी मुद्दाम पुरुषांची सायकल पसंत केली, कारण तिच्या पुढच्या दांड्यावर मूल बसविता येत होते. कोसबाडच्या पाळणाघराचे हे जणू चाकांवरचे रूप. साईनाथ यांचा हा वृत्तांत पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या आठवीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात 'जहाँ पहिया है' या नावाने समाविष्ट झाला. ज्या बायकांसाठी पुस्तक लिहिले गेले, त्या अशा रीतीने स्वतः पुस्तकाचा विषय झाल्या. शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना तमिळनाडू सरकारने २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींपासून सुरू केली आणि नंतर ती सर्वांसाठी खुली केली.

कुरत्तीच्या मुली

आता पुन्हा कुरवंजीकडे वळू. रंगमंचावर कुरत्ती इंद्राणीला भूगोल शिकवीत असताना प्रत्यक्षातील कुरवांचे दिवस फिरत होते. मिठावर सरकारी मक्तेदारी आली. १८६१ मध्ये नागपट्टणम-तंजावर रेल्वे सुरू झाली, मालवाहतुकीचे मार्ग बदलले आणि बैलांच्या तांड्यांचा व्यापार बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची १९११ मध्ये सुधारणा झाल्यानंतर मद्रास इलाख्यात त्याचा अंमल सुरू होऊन कुरवांची नावे पोलिसांच्या हजेरीपटावर चढली. मद्रासने हा कायदा १९४७ मध्ये रद्द केला. शाळेच्या हजेरीपटावर या मुलांची नावे चढण्यास त्याहूनही वेळ लागला.

तमिळनाडूत आज 'नरीकुरवर' म्हणून ओळखला जाणारा समाज या कुरवांहून वेगळा आहे, जरी लोक दोघांची गल्लत करतात. हे लोक स्वतःला वाग्री म्हणवितात. यांच्याविषयी मराठी वाचकांना विशेष कुतूहल वाटावे असा एक तपशील आहे. एडगर थर्स्टन यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिण भारतातील जाति-जमातींच्या कोशात या समाजाची 'कुरुविक्कारन' या नावाखाली मराठी बोलणारे पारधी अशी नोंद केली आहे. भाषाशास्त्रज्ञांनी नंतर ही नोंद दुरुस्त केली. १९७० मध्ये अण्णामलै विद्यापीठाने जी. श्रीनिवास वर्मा यांचा 'वाग्री बोली'वरील अभ्यास प्रसिद्ध केला; ही बोली भारतीय-आर्य कुळातील असून गुजरातीला जवळची, मात्र मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ या सर्वांचे थर तिच्यावर साचलेले आहेत. तिला स्वतःची लिपी नाही.

शाळेत पाऊल ठेवणाऱ्या वाग्री मुलीला तमिळ ही परकी भाषा म्हणूनच भेटते. बाजारात मणी विकण्यापुरते तमिळ तिला येते, पाठ्यपुस्तकातील तमिळ निराळे. आणि पहिल्या काही गोष्टींतच तिची गाठ पडते ती 'नरी'शी. तमिळमध्ये नरी म्हणजे कोल्हा. इसापाच्या गोष्टीतील कावळा व कोल्हा तमिळनाडूत घरोघरी सांगितला जातो. तेथे चिजेच्या तुकड्याऐवजी म्हातारीने तळलेला वडा कावळ्याच्या चोचीत असतो. परकी गोष्ट आपलीशी कशी करावी याचे हे नामी उदाहरण आहे, आणि सख्खन पंडितांच्या पोथीपासून ते या वड्यापर्यंत मुलांच्या पुस्तकांनी हेच केले. परंतु गोष्टीतील कोल्हा लबाडच राहिला. पूर्वी कोल्ह्यांची शिकार करून त्यांची कातडी विकणाऱ्या या लोकांना इतरांनी 'नरी'कुरवर हे नाव दिले. वर्गात गोष्ट संपल्यावर सर्व मुले हसून जिच्याकडे वळतात, ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत येईल का, हा प्रश्न पाठ्यपुस्तक मंडळाच्या बैठकीत सुचण्यासाठी तेथे कोणी वाग्री माणूस असावा लागतो. वड्याने गोष्ट स्थानिक झाली, पण कोणासाठी, हा मुद्दा राहतोच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि मणी, माळा, सुया, खेळणी विकणे हा या कुटुंबांचा मुख्य धंदा झाला. माळा ओवणे हे प्रामुख्याने बायका व मुलींचे काम. रंग मोजून, आकार जुळवून, ठराविक अंतराने मोठा मणी घालीत सात-आठ वर्षांची मुलगी जी माळ ओवते, तिच्यात पाढे, गट, क्रम आणि आकृतिबंध हे पहिली-दुसरीचे बहुतेक गणित सामावलेले असते. बाजारात ती सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करते. तेच गणित फळ्यावर चिन्हांत आले की ती गप्प होते. गणिताच्या पेटीत आकड्यांच्या कार्डांबरोबर मण्यांची माळ ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही; कोसबाडला बिया चालल्या, तर येथे मणी का चालू नयेत?

कायदा या बाबतीत मुलीच्या बाजूने आहे. राज्यघटनेच्या ३५० क कलमात भाषिक अल्पसंख्य समाजांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे म्हटले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिकविण्याचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे असे नमूद केले. २००४ मध्ये सुरू झालेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय योजनेखाली मागास भागांतील मुलींसाठी निवासी शाळा निघाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने नरीकुरवर व कुरुविक्कारन यांचा तमिळनाडूच्या अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश करणारे विधेयक संमत केले. तोवर हा समाज अति मागासवर्गात मोडत होता. समावेशामुळे वसतिगृहे, शिष्यवृत्त्या व राखीव जागा यांचा मार्ग मोकळा झाला. तरी 'शक्यतो' या शब्दात बरेच काही अडकून पडते. काही हजारांच्या विखुरलेल्या समाजासाठी लिपी नसलेल्या बोलीत पुस्तक काढणे कोणत्याही पाठ्यपुस्तक मंडळाला अव्यवहार्य वाटणार.

त्यावर उपाय नाही असे नाही. बोली वाग्री आणि लिपी तमिळ असे द्वैभाषिक वाचनपाठ करता येतात; तंजावरच्या मराठी कुटुंबांनी आपली मराठी तमिळ लिपीत लिहून हीच वाट चोखाळली आहे. पहिल्या वर्षी पुस्तकाऐवजी वस्तीतीलच शिकलेली मुलगी साहाय्यक म्हणून वर्गात बसविता येते. गोष्ट ती वाग्रीत सांगेल, शिक्षक तमिळमध्ये. शब्द गोळा करण्याचे काम मात्र कार्यालयात बसून होणारे नाही. मण्यांच्या जातींना, दोऱ्याच्या गाठींना, यात्रांच्या गावांना वाग्री बायका काय म्हणतात, हे त्यांच्या पालाशी बसूनच टिपावे लागेल.

आणि हे साहित्य सुटसुटीत असावे लागेल. कारण या मुलींचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपत नाही. ऑगस्टच्या अखेरीस वेळांकण्णीची जत्रा भरते, ती ८ सप्टेंबरपर्यंत चालते. कार्तिक लागताच अय्यप्पाचे भक्त माळा घालू लागतात आणि मकरसंक्रांतीपर्यंत वाटेवरील देवळांबाहेर मणी विकणाऱ्यांचे खरे कमाईचे दिवस असतात. त्या काळात संपूर्ण कुटुंब घराबाहेर असते आणि मुलीचे नाव पटावर 'दीर्घ गैरहजर' या रकान्यात जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देता येते. ते प्रशिक्षण कोठे व कोणत्या महिन्यांत द्यावे हे ठरविणे अधिकाऱ्यांच्या हाती आहे. जानेवारीच्या उत्तरार्धात पोंगल आटोपून कुटुंबे परततात, तेव्हा वार्षिक परीक्षेला जेमतेम तीन महिने उरलेले असतात.